पत्र्यावरचे धोंडे आणि ‘सौम्य’ भूकंप

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या बुधवारी, १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत भूकंपाचा जो धक्का जाणवला, त्याची बातमी आपल्या दैनिकाने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दिली. ४.५ अशी नोंद, केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात, नागरिक भीतीने घराबाहेर, कुठेही जीवितहानी नाही, आणि घाबरून न जाण्याचे प्रशासनाचे आवाहन, एवढे त्या बातमीत होते. त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. मात्र त्या चार-पाच सेकंदांत माझ्या घरात जे घडले, आणि आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांत जे घडू शकले असते, त्याचा त्यात उल्लेख नव्हता. बातमीदाराला तो कळण्याचे कारणही नव्हते, कारण ते सगळे छपरावर घडले. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. घराचा पुढचा भाग वडिलांच्या काळातला, दगड-मातीचा आणि माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून पत्र्याची खोली, जी मुलाच्या लग्नाच्या वेळी घाईघाईत उभी केली. त्या सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो, सौभाग्यवती चुलीऐवजी आता गॅसपाशी दुधाकडे लक्ष ठेवून होती आणि चार वर्षांचा नातू पत्र्याच्या खोलीत गाढ झोपलेला होता. आधी आवाज आला. ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली खडबडीत रस्त्यावरून यावी तसा. पण तो रस्त्याच्या बाजूने येत नव्हता, पायाखालून वर येत होता. आमच्या तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातल्या लोकांना हे गूढ आवाज नवे नाहीत, वर्षानुवर्षे ते ऐकत आले आहेत. आम्हीही मान वर करून पुन्हा कामाला लागण्याइतके सरावलो आहोत. या वेळी मात्र आवाजापाठोपाठ मांडणीवरची ताटे वाजू लागली, तांब्यातले पाणी हिंदकळले आणि त्याच वेळी पत्र्यावरून काहीतरी जड वस्तू घासत गेल्याचा खर्रर्र असा आवाज झाला. सौभाग्यवती दूध तसेच सोडून नातवाला उचलून बाहेर आली. मी तिच्याकडे धावायला हवे होते, पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मी हातात ब्रश धरून जागच्या जागी उभा होतो.

धक्का थांबल्यावर शेजारचे सगळे रस्त्यावर आले. फोन सुरू झाले, कोणाच्या भिंतीला चीर गेली याची विचारपूस झाली, आणि अर्ध्या तासाने लोक चहापाण्याला लागले. मी शिडी लावून पत्र्यावर चढलो. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर नऊ धोंडे ठेवलेले होते. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे आजीच्या वापरातल्या जात्याची तुटलेली खालची तळी. ती जिथे वर्षानुवर्षे होती, तिथे पत्र्यावर गंज न चढलेला, स्वच्छ असा अर्धा गोल उमटलेला होता. आणि तळी त्या गोलापासून सरकून, उताराच्या दिशेने, पत्र्याच्या काठापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली होती. खाली नातवाची गादी होती. धक्का आणखी दोन-तीन सेकंद टिकला असता तर काय झाले असते, हे मी त्या दिवसापासून मनात मोजत बसलो आहे.

इथे मला स्वतःचीच चूक सांगितली पाहिजे. यंदा २१ मार्चला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ चा आणि अवघ्या अकरा मिनिटांनी, म्हणजे बाहेर आलेले लोक नुकतेच घरात परतत असताना, ३.६ चा असे दोन धक्के याच भागाला बसले होते. त्या वेळी प्रशासनाने आवाहन केले होते की, पत्र्याच्या घरांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत. आवाहन अगदी नेमके होते आणि मी ते पाळलेही. नऊच्या नऊ धोंडे उतरवून भिंतीलगत रचून ठेवले. त्यानंतर मे महिन्यात वळवाचा पाऊस वादळ घेऊन आला, पत्र्याचा कोपरा रात्रभर आदळत राहिला, आणि सकाळी मी मुलाच्या मदतीने तेच नऊ धोंडे पुन्हा वर चढवले. गावात आणखी ज्यांनी दगड काढले होते, त्यांनीही जवळपास सर्वांनी असेच केले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचे छप्पर केवळ वजनावर टिकून आहे, त्याला वजन काढून घ्यायला सांगणे म्हणजे छप्पर काढून घ्यायलाच सांगणे आहे. भूकंप येईल की नाही हे ठाऊक नसते. वळीव मात्र दरवर्षी येतो.

तेव्हा प्रश्न दगड काढण्याचा नाही, पत्रे बांधण्याचा आहे. आमच्याकडची बहुसंख्य पत्र्याची घरे अशी असतात: विटांची किंवा दगडांची भिंत, तिच्यावर आडव्या बल्ल्या किंवा लोखंडी पाइप नुसते ठेवलेले, आणि त्यांवर पन्हळी पत्रे. बल्ली भिंतीत गुंतवलेली नसते आणि पत्रा बल्लीला जोडलेला नसतो. मग दोन्ही जागच्या जागी ठेवण्याचे काम धोंड्यांकडे सोपवले जाते. याला उपाय फार मोठा नाही. पाइपला किंवा अँगलला पकडणारे जे-हुक, त्यांखाली डांबरी वायसर, पत्र्याच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी पट्टी, आणि पाइपाची टोके भिंतीत पुरलेल्या सळईला वेल्डिंग करून बांधलेली, एवढे केले की पत्रा वाऱ्याला दाद देत नाही आणि धोंड्याची गरज उरत नाही. परवा मी तेच करून घेतले. दहा बाय बाराची खोली, साहित्य आणि मजुरी धरून मला अठराशे रुपये खर्च आला. मला पेन्शन आहे, म्हणून हा आकडा सहज लिहिता येतो. सोयाबीनच्या पेरणीला उधारीवर बियाणे आणलेल्या घरात जून-जुलैमध्ये अठराशे रुपये सुटे नसतात, हेही मी जाणतो. म्हणूनच आवाहनाच्या पत्रकासोबत जर प्रत्येक ग्रामपंचायतीत हुकांची पेटी आणि दोन दिवसांसाठी एक वेल्डिंगवाला पोहोचला असता, तर १० जुलैच्या सकाळी पुष्कळ घरांवर धोंडे नसते.

धक्का सौम्य होता, यात वाद नाही. मात्र सौम्य हा शब्द जमिनीच्या बाजूने खरा असतो, घराच्या बाजूने नेहमी खरा असतोच असे नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन् महिने लहान धक्क्यांची मालिका चालू राहिली. ते धक्के मोठ्या भूकंपात परिणत झाले नाहीत. पण २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांपैकी एका धक्क्याच्या वेळी बाहेर पळताना पडून दगडावर डोके आपटल्याने एका चिमुरडीचा जीव गेला. भूकंपाच्या आकड्यात अशा मृत्यूला जागा नसते. आमच्या घरात त्या दिवशी तो आकडा ४.५ होता, आणि आमच्यासाठी त्याचा अर्थ जात्याची तळी किती सरकली एवढाच होता.

आता त्या आकड्याबद्दल थोडेसे, कारण धक्क्यानंतर गावात जी चर्चा होते, तिच्यात एक समजूत फार घट्ट बसलेली आहे आणि काही सुशिक्षित मंडळीही ती आवर्जून सांगतात. ती अशी की, लहान लहान धक्के बसले ते बरेच झाले. जमिनीतला ताण थोडाथोडा निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो. ऐकायला हे दिलासा देणारे आहे, पण गणितात बसत नाही. भूकंपाचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. म्हणजे त्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला बुधवारसारखे साडेतीनशेच्या आसपास धक्के बसावे लागतील. आपल्याला या वर्षी दोन बसले आहेत. दुसऱ्या टोकाची समजूतही तितकीच निराधार आहे की, लहान धक्के म्हणजे मोठ्याची हमखास नांदी. डहाणूचे उदाहरण वर दिलेच आहे. लहान धक्क्यांवरून पुढचा मोठा धक्का कधी आणि केवढा येईल, हे आज जगात कोणालाही सांगता येत नाही. ज्यांना व्हॉट्सॲपवर तारीख आणि वेळेसह इशारे येतात, त्यांनी ते बिनदिक्कत पुसून टाकावेत. हे धक्के धरणामुळे की बोअरवेलमुळे, हाही पारावरचा आवडता वाद आहे. कोयनेच्या जलाशयाचा आणि तिथल्या भूकंपांचा संबंध शास्त्रज्ञांनी दशकानुदशके अभ्यासून मांडलेला आहे, म्हणून प्रत्येक धरणाकडे तसेच बोट दाखवता येत नाही. मुळात कारण काहीही निघाले तरी माझ्या माळवदाचे वजन त्याने कमी होणार नाही.

माळवदाचा विषय निघालाच आहे तर किल्लारीचे स्मरण टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा आणि उमरगा तालुक्यांच्या सीमेवरची गावे झोपेत होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. पृथ्वीवर ६.२ किंवा त्याहून मोठे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात आणि अनेकांत एकही माणूस दगावत नाही, मग इथे एवढी माणसे का गेली, याचे उत्तर तिथल्या भिंतींत होते. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण ती वस्तुतः दोन पातळ भिंती असतात: बाहेरचा दगडी थर, आतला दगडी थर, आणि मधे माती व दगडांचा चुरा. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड गवंड्याने घातलेला नसेल, तर हादऱ्याने दोन थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. वर माळवदावर फूट-दीड फूट माती. गळती लागली की दर पावसाळ्यापूर्वी आणखी चार टोपल्या टाकायची वहिवाट, त्यामुळे आजोबांच्या काळातले छप्पर नातवाच्या काळात दीडपट जड झालेले. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच माळवदावर लहानपणापासून किती टोपल्या माती मी स्वतः नेऊन टाकली, याचा हिशेब माझ्याजवळ नाही.

किल्लारी परिसरातही १९९२ च्या उत्तरार्धात असेच लहान धक्के बसत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातला एक ४ च्या आसपास होता. लोक बाहेर झोपत, काही दिवसांनी पुन्हा आत येत. ते वर्षभराचे अंतर भिंतींकडे पाहण्यासाठी होते, असे आज मागे वळून म्हणणे सोपे आहे. त्या वेळी ते कोणाच्या ध्यानात येणेही कठीण होते, कारण तो भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. आपल्याला ती सबब उरलेली नाही. शिवाय काय करायचे हेही महाराष्ट्राला माहीत आहे, कारण ते इथेच केले गेले आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्याची चर्चा पुष्कळ झाली. पण न पडलेली, जुनी घरे जागच्या जागी बळकट करण्याचे कामही त्याच कार्यक्रमात मोठ्या प्रमाणावर झाले, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर टाचले जातात. माळवदावरची माती उतरवून प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरायचा आणि त्यावर थोडीच माती परत टाकायची, म्हणजे गळतीही थांबते आणि वजनही घटते. लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू ठोकायचे, म्हणजे सांगाडा आडव्या हादऱ्याला कलत नाही. यांत गावच्या गवंड्याला आणि सुताराला न जमण्यासारखे काहीही नाही. एकदा कोणीतरी करून दाखवावे लागते एवढेच. ज्या गवंड्यांनी तेव्हा ते शिकून घेतले, ते आता म्हातारे झाले असतील. त्यांच्यापैकी चार-दोघांना बोलावून कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ तालुक्यांत एकेक घर नमुन्यादाखल करून घेतले, तर त्याचा उपयोग शंभर आवाहनांहून जास्त होईल.

नव्या घरांचे तरी बरे आहे काय? आमच्या गावात गेल्या काही वर्षांत घरकुल योजनेतून बरीच पक्की घरे झाली. सिमेंट आणि विटा पाहून आपण ती भूकंपाला टिकणारी समजतो. परंतु मी जाता-येता गवंड्याचे काम पाहत थांबतो, ही निवृत्तीनंतर लागलेली सवय आहे, आणि माझ्या पाहण्यातली गोष्ट अशी की, दारे-खिडक्यांच्या वरचा काँक्रीटचा पट्टा बहुतेक ठिकाणी फक्त दारावर आणि खिडकीवरच असतो. दाराची एक पट्टी, खिडकीची एक पट्टी, मधे नुसत्या विटा. तोच पट्टा चारही भिंतींवरून सलग, कोपऱ्यांत सळया वळवून घेत फिरवला, तर तो पेटीला बांधलेल्या दोरीसारखे काम करतो आणि भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. खर्च वाढतो तो थोड्या सळईचा आणि दोन-तीन पोती सिमेंटचा. घरकुलाचे हप्ते मिळण्यासाठी बांधकामाचे फोटो टप्प्याटप्प्याने काढावेच लागतात. त्यांत एक फोटो सलग पट्ट्याच्या सळया बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी काढणे या तीन तालुक्यांपुरते तरी सक्तीचे करावे. यासाठी नवा विभाग नको की नवी समिती नको.

धक्का बसत असताना काय करावे, याविषयी मोबाइलवर येणारे संदेश बहुधा शहरातल्या इमारतींसाठी लिहिलेले असतात. टेबलाखाली जा, लिफ्ट वापरू नका. आमच्या घरात टेबल एकच आहे आणि त्याच्याखाली शिलाई मशीनचे पायडल आहे. काँक्रीटच्या इमारतीत राहणाऱ्याने वाकून, डोके झाकून आत थांबणेच योग्य; जिन्यावर धावाधाव करून माणसे जखमी होतात. पण जड माळवदाच्या, एकमजली घरात दार चार पावलांवर असेल, तर चटकन मोकळ्या अंगणात येणे शहाणपणाचे, हा फरक कोणीतरी साध्या मराठीत समजावून सांगितला पाहिजे. त्याहून आधी सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे झोपण्याच्या जागेची. उशाशी धान्याच्या कोठ्या, डोक्यावर फळीवरची पितळेची भांडी आणि त्याहून वर धोंडे, अशी आमची निजण्याची मांडणी असते. ती बदलायला एक पैसाही लागत नाही. आम्ही फळीवरचे हंडे त्याच दिवशी जमिनीवर आणले.

आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. आकडा आणि केंद्रबिंदू जसे छापता, तसे त्याच चौकटीत कोणत्या प्रकारच्या घरांना चिरा गेल्या, कुठल्या छपरावरून काय पडले, हेही छापत चला. आपले वार्ताहर गावोगावी आहेत. त्यांनी धक्क्यानंतर तहसील कार्यालयात एक फोन करण्याबरोबर एखाद्या पत्र्याच्या घराची शिडी चढून पाहावी. ‘जीवितहानी नाही’ या ओळीपाशी बातमी थांबते आणि वाचकही तिथेच पान उलटतो, असा माझा इतक्या वर्षांचा वाचक म्हणून अनुभव आहे.

आमच्या घरचे नऊ धोंडे सध्या गोठ्याच्या दारात, चिखलात पाय रुतू नये म्हणून पायऱ्यांसारखे मांडले आहेत. जात्याची तळी तेवढी सौभाग्यवतीने तुळशीपाशी नेऊन ठेवली. शेजारच्या विधवा काकूंच्या पत्र्यावर मात्र सात धोंडे अजून आहेत. हुक मी आणून दिले, पण आमचा वेल्डिंगवाला दिंडीबरोबर पंढरपूरला गेला आहे आणि आषाढी झाल्याशिवाय परतणार नाही. तोवर काकूंनी आपली बाज खोलीतून ओढून आमच्या ओसरीत आणली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. वसमत, जि. हिंगोली